आमच्या वसरीतला घाट

गोव्यातल्या कुळेहून वर मालगाडी चढवायची तर मागे बँकर, म्हणजे मागून रेटणारं इंजिन, हवाच. ब्रागांझा घाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर. पुढची इंजिनं ओढतात, मागची रेटतात. हा घाट मी आमच्या वसरीत मॉडेल रेल्वेच्या १:८७ मापात बांधलाय. १० सेंटिमीटर उंची गाठायला ३.७ मीटर रूळ लागतो, त्यामुळे कुळे स्टेशन टीव्हीखाली आणि माथ्यावरचं कॅसलरॉक बाबांच्या आरामखुर्चीमागे आलं. दूधसागर उशीतल्या कापसाचा. उशी कुणाची, हा विषय आमच्या घरी काढत नाहीत.

सगळं होतं, फक्त बँकर लावता येत नव्हता. ॲनालॉगमध्ये रुळांना ० ते १२ व्होल्ट द्यायचे आणि त्यावर जे उभं असेल ते पळणार. बँकर पायथ्याशी थांबून गाडीची वाट बघेल, हे शक्यच नाही. नॉब फिरवला की तोही निघाला एकटाच कॅसलरॉकला. रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी वायर दिली की जमतं म्हणे. तेही केलं, तेव्हा सौभाग्यवती टेबलाखाली वाकून म्हणाल्या, "अहो, झाडू कुठून घालू ते एकदा आखून द्या." गणपतीची चवथ जवळ येत होती, फळाफुलांच्या माटोळीखाली गाडी फिरायलाच हवी होती. मग ठरलं, डिजिटल.

डिजिटलची कल्पना फार गोड आहे. रुळांत सतत साधारण १५ व्होल्ट खेळतात आणि त्यातूनच आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनात आज्ञा वाचणारा एक डीकोडर, त्याला एक पत्ता. बहुतेक सिस्टमांत हे पत्ते ९९९९ पर्यंत. आपल्या पत्त्याची आज्ञा आली तरच इंजिन हलतं, एरवी ऐकलं न ऐकलंसं करतं. कारखान्यातून मात्र प्रत्येक डीकोडर ३ नंबरचा पत्ता घेऊनच येतो. उसन्या आणलेल्या सेटवर मी दोन नवी इंजिनं लावली, एक पुढे, एक मागे, आणि ३ नंबरला म्हटलं, पुढे. दोघांनी आज्ञा पाळली. डिजिटलमध्ये पुढे म्हणजे ज्याच्या त्याच्या तोंडाच्या दिशेने, आणि बँकरचं तोंड कुळेकडे होतं. मालगाडी मधोमध तुटली.

पण खरा घाट सिस्टमच्या निवडीचा. ज्याला विचारावं तो म्हणतो, काहीही घ्या, सगळं स्टँडर्ड आहे. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेने १९९०च्या दशकात जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून डीसीसीचं, म्हणजे या डिजिटल पद्धतीचं, स्टँडर्ड ठरवलं हे खरं. पण ते रुळापासून इंजिनापर्यंत. हातातला हँडसेट आणि आज्ञा देणारी पेटी यांच्यात ज्याची त्याची बोली. डिजिट्रॅक्सचं लोकोनेट, लेन्झचं एक्सप्रेसनेट, एनसीईची कॅब बस. प्लग दिसायला टेलिफोनचेच, पण एकाचा हँडसेट दुसऱ्याच्या पेटीशी अबोला धरून बसतो. म्हणजे आज पेटी घेतली की पुढचे सगळे हँडसेट कुठले, हेही आजच ठरलं.

इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणाला, "काका, आर्डुइनो मेगा या सर्किट बोर्डावर मोटर शील्ड लावू, डीसीसी-ईएक्स सॉफ्टवेअर फुकट आहे, पेटी मीच बनवतो. परीक्षा झाली की." त्याची परीक्षा सतत चालू असते.

म्हापशाचा मेव्हणा आधुनिक. "भावोजी, हँडसेट कशाला? फोन आहे ना!" त्याच्याकडे वायफायवाली पेटी होती, काचेवर बोट फिरवलं की गाडी पळते. छान पळाली. मग वैयक्तिक कर्ज देणाऱ्या बाईंचा फोन आला आणि स्क्रीनवर त्याच दिसू लागल्या. पेटी इमानदार, शेवटची आज्ञा परत परत पाठवत राहते. बाई व्याजदर सांगत होत्या तोवर मालगाडी टेबल ओलांडून इस्त्रीच्या कपड्यांत गेली.

मडगावचे दोतोर दातांचे. त्यांचं मत एका वाक्यात, "नॉब पाहिजे हो! दात काढताना मी चिमट्याकडे बघतो की दाताकडे?" मला हे पटलं. डोळे गाडीवर हवेत, अंगठ्याला नॉब आपोआप कळतो.

गोव्याच्या पावसाचा विचार मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नाही. इथे जुलैत चपलांना बुरशी येते, तिथे रूळ काय सुटणार? काळपट थर धरला की ॲनालॉग इंजिन नुसतं अडखळतं. डिजिटलमध्ये डीकोडरचीच वीज तुटते, तो शुद्ध हरपतो आणि भानावर येऊन पुन्हा आज्ञेची वाट बघतो. त्यावर वीज साठवणारा कपॅसिटर लावतात आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. अल्कोहोल म्हटल्यावर माझ्या काकांनी पेपर खाली ठेवला. "काजू फेणी चालणार नाही?" आणि मग स्वतःच दचकून, "पण रुळांना कशाला?"

शेवटी दोतोरांकडे आहे तीच सिस्टम मागवली. जगातली सर्वोत्तम आहे का, ते कोण तपासतंय! अडलो की फोन उचलणारा माणूस मडगावात आहे, याहून मोठं फीचर मला कुठल्या पेटीत दिसलं नाही. दोन इंजिनांचा वेग जुळवायला डीकोडरमधली सेटिंगं, म्हणजे सीव्ही २, ५ आणि ६, बँकरची दिशा उलटायला सीव्ही २९, सगळं त्यांनी दवाखान्यातूनच सांगितलं. खुर्चीतल्या पेशंटलाही ते तोंडपाठ झालं असणार, फक्त तोंड उघडं असल्यामुळे म्हणून दाखवता येईना.

बँकर चढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, "शिट्टी कुठाय?"

शिट्टीला साउंड डीकोडर लागतो, तो वेगळा, महाग, आणि त्यातही निवड आलीच. मी फोनवर त्यांना एकेक नमुना ऐकवला. बाबांचं बालपण मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांत गेलेलं. "ही कुळ्याची नव्हे. हीसुद्धा नव्हे. ही तर जर्मन." शेवटी वैतागून त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि खरी शिट्टी वाजवून दाखवली. शेजारचा कुत्रा उठला.

"अहो, मग डीकोडर कशाला? बाबांनाच एक पत्ता देऊन टाका," सौभाग्यवती म्हणाल्या.

पत्ते पुष्कळ शिल्लक आहेत. पण बाबांनी आजवर कुणाची आज्ञा पाळलेली नाही.