स्वप्नाचा सातबारा मागणारे

एका मराठी प्रायोगिक लघुपटावरून सध्या तिकडे महाराष्ट्रात वाद पेटला आहे, आणि तो इथे जर्मनीत ऱ्हाइनकाठी बसून वाचताना माझी चिडचिड होते आहे. लघुपट वीस-बावीस मिनिटांचा आहे. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा दावे तोडून गेलेली गाय शोधायला तिन्हीसांजेला शिवारात जातो आणि रात्रभर चालत राहतो. वाटेत ज्वारीच्या उभ्या पिकात दिवे लावून थांबलेली रिकामी एसटी आहे, कोरड्या विहिरीच्या तळाशी भरलेला शाळेचा वर्ग आहे, आणि वारलेली आजी बांधावर बसून नातवाला त्याचेच नाव विचारते. गाय सापडते की नाही, हे दिग्दर्शकाने सांगितलेले नाही. एका पुरवणीतल्या लेखाने त्यावर तीन आरोप ठेवले: यात गोष्ट नाही, गाव असे नसते, आणि हा सगळा खटाटोप परदेशी महोत्सवांसाठी केलेला आहे.

पहिल्या आरोपाला उत्तर देण्यात अर्थ नाही. ज्याला गोष्टच हवी आहे त्याने दुसरे काही पाहावे. दुसरा आरोप मात्र मला सोडवत नाही. लेखकमहाशयांना गाव कसे हवे आहे ते स्पष्ट आहे: दुष्काळ, कर्ज, सावकार, आत्महत्या. हे सगळे खरे आहे आणि त्यावर चित्रपट झालेच पाहिजेत. पण शहरातल्या मुलाने गॅलरीत उभे राहून वाटेल ते कल्पावे, आणि खेड्यातल्या मुलाने पडद्यावर येताना सातबारा, पीकपाणी आणि बापाच्या थकबाकीचा दाखला सोबत आणावा, ही कुठली वाटणी?

शिवाय त्या रात्रीच्या भटकंतीत परके असे काय आहे? चकवा लागलेला माणूस आपल्याच ओळखीच्या शिवारात फिरून फिरून त्याच बांधावर येतो आणि तांबडे फुटेपर्यंत त्याला घरची वाट सापडत नाही, हे गावात कोणी परदेशी चित्रपट पाहून शिकलेले नाही. काट्याच्या अणीवर गावे वसवणारी कूटरचना ज्ञानदेवांच्या नावावर आहे, आणि ती ऐकताना गोष्ट कुठे आहे असे विचारायला कोणी उठत नाही. प्रयोग हे परक्यांचे फॅड म्हणावे, तर फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत प्रमोद पती यांनी १९६८ साली ‘एक्सप्लोरर’सारखा विलक्षण लघुपट केलाच होता. त्या काळी मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट किंवा वार्तापट दाखवणे चित्रगृहांना बंधनकारक होते. आज तेच आपल्याला परदेशी वाटू लागले आहे.

मी राहतो तिथून रेल्वेने अर्ध्या तासावर ओबरहाउझन आहे. कोळसा आणि पोलादावर वाढलेले, पाहायला यावे असे फारसे काही नसलेले गाव. तिथल्या फोल्क्सहोखशूलेचे, म्हणजे प्रौढांसाठीच्या लोकशिक्षण संस्थेचे, प्रमुख हिल्मार होफमान यांनी १९५४ साली लघुपटांचा महोत्सव सुरू केला. त्याच महोत्सवात १९६२ साली २६ चित्रपटकर्मींनी, जुना चित्रपट मेला आहे, आमचा नव्यावर विश्वास आहे, असे जाहीर केले. कामगारवस्तीच्या गावाने हे सोसले आणि पुढे मिरवलेही. आपल्याकडे मात्र कष्टकऱ्यांना काय कळेल आणि काय नाही, हे पुण्या-मुंबईत ठरते. (लिख्टबुर्ग चित्रपटगृहात मे महिन्यात बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गळ्यात महोत्सवाची ओळखपत्रे असतात, आणि त्यात जुने खाणकामगार कितपत असतात, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवतो.)

आता तिसरा आरोप. परदेशी डोळे म्हणजे कोण, याचा विचार करू लागलो की मला जरा अवघडल्यासारखे होते. हा लघुपट मी ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याला दाखवला. त्याने शांतपणे पाहिला आणि विचारले की तुमच्याकडे एवढी लहान मुले रात्री एकटी फिरतात का, आणि गाय हरवली तर विमा मिळतो का. मी विहिरी, भारनियमन, शाळागळती यांवर दहा मिनिटे तावातावाने बोललो. म्हणजे पुरवणीतल्या लेखकाची जी मागणी मला संतापजनक वाटते, ती मी इथे कोणी न मागता पुरी करत असतो. देशाची कागदपत्रे काखेत घेऊन फिरणे ही माझी दुसरी नोकरी झाली आहे. लघुपटाच्या त्या वीस मिनिटांत मला कोणाला काहीही समजावून द्यावे लागले नव्हते, आणि लघुपट आवडण्याचे हे कारण कलेशी कितपत संबंधित आहे, हे मला सांगता येणार नाही.

हे मी बार्शीकडच्या एका जुन्या मित्राला लिहिले. त्याचे उत्तर रोखठोक होते: तू निळा पासपोर्ट परत करून मोकळा झालास, तुला गाव धुक्यात असलेलेच परवडते, इथे गाय हरवली की माणूस आधी बाजारात चौकशी करतो. मी त्याला बजावले की चित्रपट पाहण्याचा अधिकार पासपोर्टवर ठरत नाही, आणि वर चकव्याचा मुद्दाही सुनावला. त्यावर त्याने विचारले, मामाच्या गावी शेवटचा कधी गेला होतास? तिथून पुढे आमचा वाद लघुपटाचा राहिला नाही.