खुलासा: राणा प्लाझा ‘अचानक’ कोसळली नव्हती

बांगलादेशातल्या सावरची राणा प्लाझा इमारत अचानक कोसळली, कुणाला कल्पनाच नव्हती, असा मजकूर फिरतो आहे. तो खरा नाही. २३ एप्रिल २०१३ लाच खांबांना तडे दिसले होते आणि इमारत रिकामी केली होती. दुसऱ्या दिवशी खालची बँक बंद राहिली. वरच्या कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र पगार कापायची धमकी देऊन आत धाडलं. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जड जनरेटर धडधडले आणि काही वेळातच सगळं खाली आलं. किमान १,१३४ जीव गेले. वरचे मजले विनापरवाना चढवलेले होते. आतल्या काही कारखान्यांचं सोशल ऑडिटही, म्हणजे कामगारांचे तास, पगार, वागणूक यांची तपासणी, झालं होतं, पण असं ऑडिट खांबांची ताकद मोजत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो.