‘एक संशोधक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. तिथल्या तिथे चार ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता ते लांबलं, म्हणून वेगळी नोंद टाकतोय.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: आपल्या विषयातल्या नव्या संशोधनाची खबर आपोआप मिळत राहावी म्हणून ग्रंथालयाच्या साधनांमध्ये अलर्ट कसे लावायचे, यावर मी लिहिलं होतं. त्यावर आपण म्हणता, “गुगल स्कॉलर उघडलं की सगळं मिळतं. हे अलर्ट वगैरे म्हणजे ग्रंथपालांच्या पोटापाण्याची सोय. खऱ्या संशोधकाला एवढा रिकामा वेळ नसतो.” (गुगल स्कॉलर म्हणजे संशोधनाचे लेख शोधायचं गुगलचं साधन.) पुढे आणखी तीन मुद्दे आहेत. अलर्टमुळे इनबॉक्स तुंबतो, नुसतं शीर्षक दिसतं आणि लेख उघडायला गेलं की पैसे मागतात, आणि मराठीतून होणाऱ्या संशोधनाला यातलं काहीच लागू पडत नाही. त्यांच्याकडे येतो.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. लेखातली स्क्रीनची चित्रं मोबाइलवर बारीक दिसतात ही आपली तक्रार रास्त आहे. मोठी करून टाकली आहेत.

आता पोटापाण्याबद्दल. माझं पोट पगारावर चाललं, आणि वाचनकक्षात दोनशे मुलं बसली काय नि दोन बसली काय, पगार तेवढाच होत होता. तुम्ही अलर्ट लावलात म्हणून कुठल्याही ग्रंथपालाला कमिशन मिळत नाही. न लावलात तर त्याचा त्रासच वाचतो, कारण एकदा अलर्ट यायला लागले की लोक लेख मागायला येतात.

आणि रिकाम्या वेळाबद्दलही सांगतो. मी नियतकालिक विभागात लागलो तेव्हा कॉलेजात इंटरनेट नव्हतं. नवा अंक आला की अनुक्रमणिकेची झेरॉक्स काढायची, ज्याच्या त्याच्या विषयाच्या नोंदींवर पेन्सिलीने खूण करायची आणि स्टाफरूममधल्या त्यांच्या त्यांच्या खणात ठेवून यायचं. हे माझ्या कामांच्या यादीत नव्हतं. कोण कशावर काम करतंय हे डोक्यात ठेवावं लागायचं. कीटकशास्त्राच्या एक मॅडम डाळिंबावरच्या किडीवर काम करायच्या, पण मला बजावून ठेवलेलं की पीक कुठलंही असो, रस शोषणाऱ्या किडींवर काहीही आलं तरी खूण करा. का, ते मला पुढे कळलं: त्यांच्या प्रबंधाला उपयोगी पडलेलं बरंचसं कापसावरच्या लेखांमधून आलं होतं. डाळिंब हा शब्द टाकून शोधलं असतं तर त्यातलं काही हाती लागलं नसतं. माझा रिकामा वेळ असा जायचा. तुमचा कसा जातो हे मी विचारणार नाही.

शिवाय ही कल्पना मुळात ग्रंथपालांची नाहीच. प्रत्येक वाचकाच्या आवडीचा आराखडा यंत्रात ठेवायचा, नवे कागद आले की ते त्याच्याशी जुळवायचे आणि जुळतील तेवढेच त्याला पाठवायचे, ही योजना १९५८ मध्ये मांडली हान्स पीटर लून यांनी. ते आयबीएममध्ये संशोधक होते. त्याच दशकात अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी नियतकालिकांच्या अनुक्रमणिका एकत्र छापून दर आठवड्याला पाठवण्याचा धंदा सुरू केला, तो ‘करंट कंटेंट्स’. गारफिल्ड रसायनशास्त्र शिकलेले. (ग्रंथालयशास्त्राची पदवी त्यांनी नंतर घेतली. तुम्ही शोधून काढण्याआधी मीच सांगतो.) आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिणारे रंगनाथन हे त्याआधी मद्रासला गणित शिकवत होते. त्यांचा चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. वाचकाचा. ग्रंथपालाचा नाही.

तुमचं म्हणणं की स्कॉलर उघडलं की झालं. पण माणूस ते उघडतो कधी? डोक्यात प्रश्न असतो तेव्हा. जो प्रश्न पडलेलाच नाही त्याचं उत्तर मागच्या मंगळवारी कुठेतरी छापून आलं, तर ते तुम्हाला कोण सांगणार? शोधणं आणि खबर ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढंच माझ्या लेखाचं म्हणणं होतं. मी स्कॉलरच्या विरोधात आहे असा तुमचा समज कशावरून झाला, कोण जाणे. लेखात दोन परिच्छेद स्कॉलरच्याच अलर्टवर आहेत. आपल्या विषयातला एखादा पायाभूत लेख घ्यायचा, त्याचा संदर्भ पुढे कुणीही दिला की ईमेल यावा अशी सोय करून ठेवायची, हे स्कॉलरमध्ये फुकट होतं आणि मी ते तोंड भरून वाखाणलं आहे.

फक्त त्याच्या मर्यादाही सांगितल्या. स्कॉलरच्या अलर्टमध्ये एका ईमेलमध्ये जास्तीत जास्त दहा नोंदी हव्यात की वीस, एवढं ठरवता येतं. रोज हवा की महिन्याला, ते येत नाही. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या लेखांच्या ऑनलाइन सूचीत, शोध साठवून ठेवला की रोज, आठवड्याला की महिन्याला, कुठल्या वारी आणि किती नोंदी, सगळं तुमच्या हातात. आणि तिथे नोंदींना ठरावीक विषयशीर्षकं लावलेली असतात, त्यामुळे लेखकाने ‘हार्ट अटॅक’ लिहिलं काय नि त्याचंच वैद्यकीय नाव ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ लिहिलं काय, दोन्ही लेख एकाच जाळ्यात येतात. विषयशीर्षकांची ही पद्धत उभी केली ती ग्रंथपालांनी. रिकामा वेळ होता ना.

‘खरा संशोधक’ हे शब्दही मला टोचले, लपवत नाही. हा अनुभव अलीकडचा. आमच्याकडे येणाऱ्या एका पीएचडीच्या मुलाच्या मसुद्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचा करोनावर उपयोग होतो का याच्या अभ्यासाचा ठसठशीत उल्लेख होता. तो अभ्यास २२ मे २०२० ला आला. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांमधला त्या औषधाचा भाग काही दिवस थांबवला. आणि ४ जूनला तो लेख मागे घेतला गेला, कारण ज्या कंपनीने माहिती पुरवली तिने मूळ आकडे त्रयस्थांना तपासू दिले नाहीत. मुलाने पीडीएफ आधीच उतरवून ठेवली होती, आणि संगणकावरची पीडीएफ आपणहून सांगत नाही की मला मागे घेतलंय. तीच नोंद झोटेरोमध्ये, म्हणजे संदर्भ साठवून ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, असती तर लाल पट्टी दिसली असती; २०१९ पासून ही सोय आहे. तो मुलगा प्रामाणिक आणि कष्टाळू होता. तुमच्या व्याख्येत ‘खरा’ बसतो की नाही, तुम्ही ठरवा.

आता उरलेलं. इनबॉक्स तुंबतो, कारण लोक ‘शिक्षण’ किंवा ‘कर्करोग’ असा एक शब्द टाकून अलर्ट लावतात. नेमके शब्द टाका, वेगळं लेबल करून ईमेल तिकडे वळवा. लेखात आहे.

पैसे मागतात, हे खरं. सरकारी संस्थेत असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे, म्हणजे नियतकालिकांची वर्गणी केंद्र सरकारनेच भरायची योजना. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. खाजगी कॉलेजात असाल तर ब्राउझरला अनपेवॉल (लेखाची फुकट, कायदेशीर प्रत कुठे असेल तर दाखवणारी जोडणी) जोडा, नाहीतर लेखकाला ईमेल करा, बहुतेक लोक पाठवतात. नाहीतर सरळ ग्रंथपालाकडे जा. त्याच्या पोटापाण्याची तेवढीच सोय होईल.

मराठीचा मुद्दा वेगळ्या लेखाचा आहे. प्रबंध हवे असतील तर शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठी प्रबंध आहेत. नियतकालिकांचं म्हणाल, तर कित्येक अंक अजून नुसते छापीलच निघतात, त्यांचे अलर्ट कुठून येणार? त्याचा दोष माझ्या लेखाला देऊ नका. यावर इथे वाद घालायची माझी इच्छा नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र यापुढे नावानिशी लिहिलंत तर बरं होईल. मी माझ्या नावाने लिहितो.

आणि हो, शेवटी तुम्ही विचारलं आहे की स्कॉलरचा नको असलेला अलर्ट बंद कसा करायचा. त्या ईमेलच्या तळाशीच रद्द करण्याची लिंक असते. लेखात चौथ्या परिच्छेदात लिहिलं आहे, चित्रासकट.