संत्र्यातल्या ‘विषा’चा हिशेब मांडून बघू

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरू लागली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर दरवेळी थोडा वेगळा असतो, पण गाभा तोच: संत्र्यात कीटकनाशक सापडतं आणि सरकार ‘मर्यादेत आहे’ म्हणून हात झटकतं, ती मर्यादा कंपन्यांनीच ठरवलेली, तीही उंदरांवर प्रयोग करून, युरोप जो माल परत पाठवतो तो आपल्या माथी मारतात, म्हणून बाजारातली फळं बंद करा आणि नैसर्गिक तेवढंच खा. सगळंच खोटं असतं तर दुर्लक्ष करता आलं असतं. यात थोडं खरंही मिसळलेलं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘सापडलं, म्हणजे फळ विषारी’

आजची यंत्रं किलोभर फळात मिलिग्रॅमचा शंभरावा भाग असला तरी पकडतात. तेव्हा ‘सापडलं’ एवढ्यावरून यंत्र चांगलं आहे हे कळतं, खाणाऱ्याचं काय होईल ते कळत नाही. त्यासाठी चार प्रश्न विचारावे लागतात. हा पदार्थ शरीराला नेमकी काय इजा करू शकतो? किती मात्रेला करतो? आपल्या रोजच्या खाण्यातून तो किती पोटात जातो? आणि या दोन मात्रांमध्ये अंतर किती आहे? जोखीम मूल्यांकन म्हणतात ते हेच.

इमिडाक्लोप्रिड घ्या. हे एक कीटकनाशक. संत्र्याच्या बागेत सिट्रस सायला या किडीवर ते फवारतात. उंदरांना दोन वर्षं रोज दिलं, तेव्हा वजनाच्या दर किलोमागे 5.7 मिलिग्रॅमपर्यंत दुष्परिणाम दिसला नाही. त्याला शंभराने भागून माणसासाठी दर किलोमागे रोज 0.06 मिलिग्रॅम ही स्वीकार्य मात्रा धरली. साठ किलोच्या माणसाला ती 3.6 मिलिग्रॅम पडते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात लिंबूवर्गीय फळांसाठी मर्यादा आहे किलोला 1 मिलिग्रॅम, आणि ती सालीसकट मोजतात. म्हणजे प्रत्येक संत्रं अगदी मर्यादेला टेकलेलं आहे असं धरलं, तरी रोज साडेतीन किलोंहून जास्त संत्री सालीसकट, आयुष्यभर खावी लागतील. तेव्हा कुठे आपण त्या स्वीकार्य मात्रेपाशी पोचू, आणि तीच मुळात इजा न करणाऱ्या मात्रेच्या शंभरपट खाली आहे.

मेसेज लिहिणाऱ्याने पंधरा किलोच्या पोराचा हिशेब मांडला असता तर मी जास्त मान दिला असता. त्याची स्वीकार्य मात्रा रोजची 0.9 मिलिग्रॅमच, म्हणजे नऊशे ग्रॅम संत्री. पोरं वजनाच्या मानाने जास्त खातात. म्हणूनच त्यांच्या आहाराचा हिशेब वेगळा करतात, संत्र्याबरोबर टमाटर, वांगी, तांदूळ यांतूनही तेच औषध येत असेल तर तेही त्यात धरतात, आणि एकाच दिवशी खूप खाल्लं तर काय, यासाठी आणखी एक मर्यादा असते.

शिवाय किलोला 1 मिलिग्रॅम ही काही विषाची रेघ नव्हे. लेबलवर लिहिल्याप्रमाणे फवारलं आणि तोडणीआधी सांगितलेले दिवस थांबलं, तर फळात जास्तीत जास्त किती उरेल, हे शेतातल्या चाचण्यांवरून काढतात. मग तेवढं खाणं सुरक्षित आहे ना, ते आहाराशी ताडून बघतात. मर्यादा ओलांडली गेली, तर बहुधा फवारणीत गडबड झाली. असा माल विकणं नियमबाह्यच आहे. पण खाणारा आजारी पडेल असं त्यावरून ठरत नाही.

‘मर्यादा कंपन्या ठरवतात’

अर्धं खरं. चाचण्यांचा खर्च कंपनीच करते आणि माहितीही तीच देते, यावर शंका घ्यायला जागा आहे. पण ती माहिती तपासून औषधाची नोंदणी करायची की नाही, ते केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती ठरवते. अन्नातली मर्यादा एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, ठरवते. जागतिक पातळीवर अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशक अवशेषांवरची संयुक्त तज्ज्ञ बैठक 1963 पासून हेच काम करते. एफएसएसएआयच्या वैज्ञानिक पॅनेलांवर उद्योगांची माणसं बसली होती, हेही खरंच. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पॅनेलं नव्याने बनवायला लावली. पॅनेलवर कोण बसतं यावर लक्ष ठेवणं म्हणूनच गरजेचं आहे. त्यासाठी हिशेबाची पद्धत मोडीत काढायचं कारण नाही.

आणि सगळ्यालाच मर्यादा लावून मोकळे होतात असंही नाही. पावातलं पोटॅशियम ब्रोमेट 2016 मध्ये सरळ बंद केलं. आंबे पिकवायला कार्बाइड चालतच नाही.

‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे’

बरोबर, आणि हे मर्यादा ठरवणाऱ्यांनाही माहीत आहे. वरचे शंभर तिथूनच येतात: माणूस उंदरापेक्षा दहापट नाजूक असेल हे धरून दहा, आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा.

‘युरोपने नाकारलं ते आपण खातो’

ज्या औषधासाठी युरोपात मर्यादा ठरवलेलीच नाही, तिथे आपोआप किलोला 0.01 मिलिग्रॅम लागू होतं. हा आकडा विषारीपणावरून आलेला नाही. खात्रीने मोजता येण्याची ती पातळी आहे. तिकडे नोंदणी नसलेलं औषध इकडच्या मालात दिसलं की माल अडतो. आपल्याकडेही मर्यादा नसेल तिथे हाच 0.01 चा नियम आहे. मसाल्यांसाठी तो 2024 मध्ये दहापट सैल करून 0.1 केला, तेव्हा टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. असला बदल करायचा तर त्यामागचं गणित लोकांपुढे मांडायला हवं.

‘नैसर्गिक तेवढंच खा’

हे विदर्भात कुणी सांगावं याचं मला नवल वाटतं. आपल्या पूर्वेकडे धानाच्या बांध्यांत लाखोळी होते. कंपनीचा हात न लागलेली, पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेली डाळ. तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य निसर्गतःच असतं. दुष्काळात दुसरं काही पिकलं नाही आणि महिनोन्‌महिने लाखोळीवरच पोट भरावं लागलं, की माणसांचे पाय कायमचे लुळे पडायचे. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात असे कितीतरी लोक झाले. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे कमी ओडॅपचे रतन, प्रतीक, महातिवडा हे वाण निघाले, आणि खाणाऱ्याच्या ताटात तिचा वाटा किती असतो याचाही विचार झाला. इतर अन्नाबरोबर अधूनमधून खाल्लेली लाखोळी आणि दुष्काळात तिन्ही त्रिकाळ खाल्लेली लाखोळी यांत फरक करायचा, तर मात्रेचाच विचार करावा लागतो.

शेंगदाण्यावरची बुरशीही नैसर्गिकच. तिचं अफ्लाटॉक्सिन माणसात यकृताचा कॅन्सर करतं. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. या विषासाठी ‘रोज इतकं चालेल’ असा आकडा तज्ज्ञ देतच नाहीत. जमेल तितकं खाली आणा, एवढंच म्हणतात. तेव्हा कुबट वास येणारे दाणे फेकून द्या, मग ते सेंद्रिय दुकानातले का असेनात.

‘म्हणून संत्री बंद’

राग काढायचाच तर तो जागच्या जागी काढा. किती नमुने तपासले, कोणते नापास झाले आणि पुढे काय कारवाई झाली, हे अन्न व औषध प्रशासनाला विचारा. मर्यादा कितीही काटेकोर असो, बाजारात नमुनाच उचलला नाही तर तिचा उपयोग शून्य. आणि कीटकनाशकाचा सगळ्यात मोठा मार खाणाऱ्याला बसतच नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्यांच्या अंगावर पडलेली मात्रा आणि आपल्या फोडीतली मात्रा यांची तुलनाच होत नाही, तरी फॉरवर्ड सगळे आपल्या फोडीबद्दलच असतात.

संत्रं वाहत्या पाण्याखाली धुवा, सोला, खा. फवाऱ्याचा बहुतेक भाग सालीवरच राहतो. साली वाळवून उटणं किंवा चहा करायची सवय असेल, तर मात्र ओळखीच्या बागवाल्याकडून घ्या आणि शेवटची फवारणी कधी केली तेवढं त्याला विचारा.