वजन जास्त म्हणून प्रोस्टेटचं ऑपरेशन रद्द करू नका

नेरूळ-सीवूड्सकडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पोट सुटलेल्या माणसाने प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन करू नये. झेपत नाही, लघवीवरचा ताबा कायमचा जातो. रेडिएशन घ्या, त्याला वजनाशी देणंघेणं नाही. पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचा आकडा) 4 च्या आत असेल तर काहीच करू नका. करायचंच तर आधी 15 किलो उतरवा.’ हे वाचून कुणी ठरलेली तारीख रद्द केली तर जिवाशी खेळ होईल, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘झेपत नाही’ हे अर्धसत्य आहे. वजन जास्त असेल तर ऑपरेशन लांबतं, रक्त जास्त जाऊ शकतं, ओटीपोटातल्या चरबीमुळे हात चालवायला जागा कमी पडते. रोबोटने करताना डोकं खाली करून झोपवतात, पोटात गॅस भरतात. फुप्फुसांवर दाब येतो. म्हणून भूलतज्ज्ञ विचारतात, रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो का? काका ठामपणे ‘नाही’ म्हणतात आणि शेजारी बसलेल्या काकू मान हलवतात. काकू, तिथे गप्प बसू नका, स्पष्ट सांगा. पण ही सगळी खबरदारी झाली. ऑपरेशन करायचं की नाही हे कॅन्सर किती पसरलाय, किती आक्रमक आहे, हृदय कसं आहे यावर ठरतं. नुसत्या वजनावर नाही.

रेडिएशनचं म्हणाल तर स्थूल शरीरात रोज नेमकी तीच जागा साधणं जास्त अवघड असतं. शिवाय सोबत बऱ्याचदा हार्मोनची इंजेक्शनं असतात. त्यांनी चरबी वाढते, स्नायू घटतात, शुगर चढते. वजनाशी देणंघेणं कसं नाही?

पीएसएचा मुद्दा सगळ्यात घातक. स्थूल माणसात रक्तद्रव जास्त असतो. तेवढंच मीठ जास्त पाण्यात टाकावं तसा आकडा कमी दिसतो. अमेरिकेत ऑपरेशन झालेल्या हजारो रुग्णांच्या 2007 च्या अभ्यासात हेच दिसलं. बायोप्सीत कॅन्सर आलेला असताना तर 4 च्या आतल्या आकड्यावर विसंबून घरी बसणं चूकच.

आता लघवीचा ताबा. याची भीती मला पूर्ण समजते. कॅथेटर (ऑपरेशननंतर ठेवलेली लघवीची नळी) निघाल्यावर पहिले काही आठवडे खोकताना, खुर्चीतून उठताना, बुटाची नाडी बांधायला वाकताना गळती होते आणि माणूस घराबाहेर पडेनासा होतो. पण ‘कायमचा’ कशावरून? अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या 2010 च्या अभ्यासात साधारण वर्षभराने, स्थूल आणि व्यायाम न करणाऱ्यांपैकी 59 टक्क्यांना गळती होती. स्थूल पण व्यायाम करणाऱ्यांत 24 टक्के. स्थूल नसलेल्या पण बैठ्या पुरुषांतही 25 टक्केच! म्हणजे पोट असूनही व्यायाम करणारा माणूस, स्थूल नसलेल्या पण बसून राहणाऱ्याच्या बरोबरीला आला. पॅड लावा आणि नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानातल्या ट्रॅकवर चालायला या. लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळायचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच फिजिओथेरपिस्टकडून शिका. श्वास रोखायचा नाही, पोट ताणायचं नाही. कॅथेटर असेपर्यंत मात्र हा व्यायाम थांबवा.

15 किलोंसाठी उपाशी राहू नका, स्नायू झडतात. डॉक्टरांना न विचारता त्यासाठी तारीखही ढकलू नका. वजन वाढू मात्र देऊ नका: 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात, ऑपरेशनच्या पाच वर्षं आधीपासून वर्षभर नंतरपर्यंत 2.2 किलोंहून जास्त वजन वाढलेल्यांत कॅन्सर परतण्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला.