फ्लोट म्हणजे फुकटचे दिवस नव्हेत

"ज्या कामाला फ्लोट आहे ते तेवढे दिवस निर्धास्तपणे पुढे ढकला, लक्ष फक्त क्रिटिकल पाथवर ठेवा," हा सल्ला प्रकल्प व्यवस्थापनाच्या संदर्भात सर्रास दिला जातो. क्रिटिकल पाथ म्हणजे प्रकल्पाचा एकूण कालावधी ठरवणारी, एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी. प्रकल्पाची अखेरची तारीख न हलवता एखादे काम किती दिवस लांबवता येते, त्यालाच टोटल फ्लोट म्हणतात, हे खरे आहे. मात्र या व्याख्येतून तो सल्ला निघत नाही.

पहिला दावा असा की फ्लोट त्या त्या कामाचा स्वतःचा असतो. वास्तविक टोटल फ्लोट कामांच्या संपूर्ण साखळीचा असतो. आराखड्याला मंजुरी, साहित्याची मागणी आणि साहित्याची पोच ही एकामागून एक होणारी तीन कामे घ्या. सॉफ्टवेअर प्रत्येकासमोर 10 दिवसांचा फ्लोट दाखवते. तिन्ही गटांनी आपापले 10 दिवस वापरले, तर साखळी 30 दिवसांनी लांबते आणि प्रकल्प 20 दिवसांनी रखडतो, तरीही प्रत्येक गट आपण मर्यादेतच होतो असे प्रामाणिकपणे सांगू शकतो. पुढच्या कामाची सुरुवात न लांबवता मिळणारी मोकळीक म्हणजे फ्री फ्लोट, आणि या उदाहरणात पहिल्या दोन कामांचा फ्री फ्लोट शून्य आहे. गटप्रमुखांना दाखवायचा आकडा हाच, असे माझे ठाम मत आहे. कराराच्या पातळीवरही असाच विचार दिसतो: ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा 2002 चा प्रोटोकॉल (दुसरी आवृत्ती 2017) सुचवतो की करारात वेगळी तरतूद नसल्यास मालकामुळे झालेल्या विलंबासाठी मुदतवाढ शिल्लक टोटल फ्लोट संपल्यानंतरच्या दिवसांपुरतीच द्यावी.

फ्लोट असलेले काम लांबवल्याने इतर कामांना धक्का लागत नाही, हा दुसरा दावा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या क्रिटिकल पाथ पद्धतीचे मूळ गणित कामांचा कालावधी आणि क्रम एवढेच पाहते. माणसे आणि यंत्रे हवी तेव्हा मिळतील असे ते धरून चालते. पुढे ढकललेल्या कामाला लागणारा एकमेव तज्ज्ञ त्या आठवड्यात क्रिटिकल कामात गुंतलेला असेल, तर कागदावरचा फ्लोट प्रत्यक्षात उरतच नाही.

राहिला फक्त क्रिटिकल पाथ पाहण्याचा दावा. तो मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अंदाजांना निश्चित आकडे समजतो. एका टप्प्यावर येऊन मिळणाऱ्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या पाच साखळ्यांपैकी प्रत्येक वेळेत पूर्ण होण्याची शक्यता 90 टक्के असली, तरी पाचही वेळेत येण्याची शक्यता सुमारे 59 टक्केच राहते. अशा वेळी 2 दिवसांचा फ्लोट असलेली साखळी एका उशिराने क्रिटिकल होऊ शकते, आणि आढाव्यातून तिला वगळले असेल, तर हा बदल फ्लोट संपून गेल्यानंतरच लक्षात येतो.