मोर्ना म्हणजे फादो नव्हे, आणि केप व्हर्दे म्हणजे फक्त मोर्ना नव्हे

"केप व्हर्दे हा जेमतेम पाच लाख वस्तीचा देश. त्याचं संगीत म्हणजे पोर्तुगीज फादोची क्रिओल नक्कल. प्रकार एकच, मोर्ना. आणि सेझारिया एव्होरा नसती तर तोही बेटांबाहेर गेला नसता." हा मजकूर बराच फिरतोय. (केप व्हर्दे म्हणजे पश्चिम आफ्रिकेजवळचा बेटांचा देश, पूर्वीची पोर्तुगीज वसाहत; फादो आणि मोर्ना हे गाण्याचे प्रकार; एव्होरा ही तिथली मोर्ना गायिका.) त्यातली लोकसंख्या बरोबर आहे. बाकीचं एकेक बघू.

आधी नक्कल. दोन्हींत विरह आहे, दोन्ही संथ आहेत, आणि मोर्नातला 'सोदाद' (हुरहुर) हा पोर्तुगीज 'सौदाद'चाच भाऊबंद, एवढं मान्य. पण फादोत बारा तारांची, नासपतीच्या आकाराची गिटार ओळींमधल्या जागा भरते आणि गायक लय मनासारखी ताणतो. मोर्नात ती गिटार सहसा नसते. साधी सहा तारांची गिटार खर्जाच्या तारांवर चार मात्रांची चाल धरते, चार तारांचं छोटं काव्हाकिन्यो वरून छेडत राहतं, जोडीला व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट. नवखे वादक इथे हमखास फसतात: संथ लय ऐकून तीन मात्रांचा वॉल्ट्झ धरतात आणि लगेचच शब्द ठेक्यावरून घसरतात. शिवाय मोर्नाचा रचनाकार बी. लेझा (1905–1958) याने मोर्नात आणलेल्या, अर्ध्या स्वराने सरकणाऱ्या मधल्या कॉर्ड्स ब्राझीलच्या वळणाच्या आहेत, लिस्बनच्या नव्हेत. बाहेरचं काही घेतलं की नक्कल होत असेल, तर गोव्यातला मांडोही नक्कल ठरेल. घुमटाची थाप ऐकलेला माणूस ते मान्य करील का?

'प्रकार एकच' हे तर केप व्हर्देचं सांतियागो बेट नकाशावरून पुसल्यासारखं झालं. तिथल्या बातुकमध्ये ढोल नसतो. बायका गोलात बसतात, कापडाची घट्ट गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये बांधून मांड्यांमध्ये धरतात आणि तळव्यांनी वाजवतात. काहीजणी दोनची चाल धरतात, काहीजणी त्याच वेळात तीन थापा बसवतात. या ओढाताणीतूनच नाच उठतो. सगळ्यांनी एकच चाल धरली तर ती नुसती टाळी होते. वसाहतीच्या काळात सत्तेला आणि चर्चला हे असभ्य वाटे.

तिथल्याच फुनाना या नाचाच्या संगीताला दोनच वाद्यं पुरतात. गायता, म्हणजे बटणांचा छोटा अकॉर्डियन, ज्यात भाता दाबताना एक स्वर आणि ओढताना दुसरा. त्यामुळे हवी ती पट्टी मिळत नाही, गायकालाच तिच्याकडे यावं लागतं. दुसरं फेरिन्यो: लोखंडी पट्टी उभी धरून खांद्याला टेकवायची आणि सुरीने खालीवर घासायची. दिसायला सोपं, पण मनगट आवळलं की ठेका जड होतो आणि नाचणारे थांबतात. स्वातंत्र्यानंतर (5 जुलै 1975) बुलिमुंदो बँडच्या काटचासने हीच चाल इलेक्ट्रिक गिटार आणि कीबोर्डवर चढवली. कोलादेरा आणि शंखांच्या आवाजातली ताबांका हे आणखी वेगळे प्रकार.

राहिली एव्होरा. तिचं मोठेपण निर्विवाद: 1992 चा 'मिस परफुमादो' हा अल्बम आला तेव्हा ती पन्नाशीत होती, 2004 साली ग्रॅमी मिळालं. पण रस्ता आधीच पडलेला होता. केप व्हर्देचे जितके लोक देशात, त्याहून जास्त बाहेर आहेत. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात 1965 साली मोराबेझा रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली आणि 'व्होझ दि काबो व्हेर्दे'सारखा बँड तिथूनच वाजू लागला. खलाशांच्या वस्तीला नाचायला संगीत हवं होतं, परदेशी रसिक ही नंतरची गोष्ट.

आणि बाहेर फक्त मोर्नाच गेली असंही नाही. गीतकार-गायक ओर्लांदो पांतेरा 2001 साली, स्वतःचा पहिला अल्बम निघण्याआधीच वारला. बातुकवर बेतलेली त्याची गाणी पुढे लुरा आणि मायरा आंद्रादे या गायिकांनी युरोपच्या मंचांवर गायली.